राखणदार

तेसेमासाहेब पॅरिसहून परतले
त्या वर्षी अदिस अबाबात पाऊस लांबला होता
आणि आमच्या छापखान्यात खिळे गंजत होते.
त्यांनी सोबत एक शब्द आणला होता,
अम्हारिकमध्ये त्याला घर नव्हतं.
तीन जुने शब्द उसवून
त्यांनी त्याला सदरा शिवला.
जुळाऱ्याने तो दोनदा चुकवला,
मी दोनदा दुरुस्त केला,
अर्थ न कळता. मुद्रितं तपासणारीला
अर्थाचा पगार नसतो.

कादंबरीचा नायक रात्रीचा राखणदार.
फाटकाशी उभा राहून
दोनशे बारा पानं
तो स्वतःच्या असण्याकडे बघत राहतो.

माझा बापही राखणदार.
कच्ची पानं घरी नेली,
शेगडीशी बसून वाचून दाखवली.
भाजलेलं सातू चावत त्याने ऐकलं.
मग म्हणाला, "वुबालेम,
रात्रभर उभा आहे बिचारा,
याला लघवीला लागत नाही?
आणि तरस? एकसुद्धा तरस आलं नाही?"

मी समासात प्रश्नचिन्ह काढलं.
साहेबांनी ते हसून खोडलं.

पुढच्या पुस्तकात वारं मॉस्कोकडून आलं.
फाटक तेच, खांद्यावरची गाबी तीच,
पण राखणदाराला आता वर्ग फुटला होता,
बाळाला दात फुटावेत तसा, तापासकट.
शेवटच्या पानावर तो किल्ल्या भिरकावतो
आणि मोर्चात शिरतो.

"किल्ल्या टाकल्या?" बाप म्हणाला.
"मग सकाळी फाटक कुणी उघडलं?"

नंतर मोर्चा खरोखरच आला.
रेडिओने सांगितलं, जादा घरं सरकारची.
बापाचे मालक एका रात्रीत निघून गेले,
कुत्राही घेऊन गेले.
नोकरी संपल्याचं
बापाला कुणी सांगितलंच नाही.
तो जात राहिला. साडेतीन महिने.
काठी, कंदील, बंद फाटक,
आणि आत ओसरीवर
निलगिरीची पानं साचत चाललेली.

एका पहाटे आला,
गाबी न उतरवताच बसला
आणि तो शब्द म्हणाला. साहेबांचा.
मधलं अक्षर चुकवून,
जुळाऱ्याने चुकवलं होतं तेच.
"त्याला हेच म्हणायचं होतं का गं?"

मी कॉफी उकळायला ठेवली.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा
एकशे एकोणचाळीसाव्या पानावर
ती चूक पुन्हा आली.
मी पेन्सिल उचलली.
ठेवली.