दोर

किणयेच्या वरच्या गल्लीत विहीर क्रमांक सतरा.
टेपच्या टोकाला खडू फासून मी खाली सोडतो,
वर ओढल्यावर जिथवर खडू काळवंडला
तिथवर पाणी. मग वजाबाकी.
तक्त्यात गावाचं नाव कानडीत, माझ्या वहीत मराठीत,
विहिरीला दोन्ही वाचता येत नाही.
अकरा मीटर चाळीस.

"मीटर नको, हातात सांग की,"
यल्लूबाई म्हणते.
मी माझं कोपर ते मधलं बोट मोजतो,
भागाकार करतो: पंचवीस.
"तुझा हात लांब हाय रे. माझ्या हातानं अठ्ठावीस."
टेपकडे तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं.

आत गेली. आढ्यावरून दोर काढला, उंबऱ्यावर टाकला.
मोटार बसल्यापासून तो तिथंच होता, धुरानं चिकट.

काथ्याचा सोळा हात, सासूनं दिलेला तसाच.
पहिली गाठ: दोन हात. थोरला रांगत होता.
दुसरी: तीन. पलीकडच्या टेकडीवर
जांभ्याची खाण सुरू झाली, रोज बारा ट्रक,
"टेकडी पाणी धरून असते म्हणं, आमास्नी काय ठाव?"
तिसरी: निळा नायलॉन, चार हात.
मोनाप्पाच्या काजूच्या बागेत बोअर पडली ते साल.
शेवटी लुगड्याचा काठ, तिपेडी पीळ. तीन हात.
बाजार बंद होता तेव्हा, दोर मिळायचा कुठं.

घागरीच्या फासाला हातभर वेगळा,
तो हिशेबात धरायचा नाही.

नायलॉनच्या गाठीवर तिचं बोट थांबलं.
"ही दोन वर्षं सुटी होती."
का?
"पोरांनी डोंगरावर चर मारले होते. पाणी वर आलं.
मग चर बुजले. पोरं पुण्याला गेली."

विभागाकडे तक्ते आहेत बारा वर्षांचे.
मे महिन्याचे तीन रकाने कोरे,
शिपाई रजेवर, किंवा विहीर कुलपात.
तिच्याकडे एकही रकाना कोरा नाही.
मे महिन्यातच तर गाठ पडते.

मी दोर मागितला, आठ दिवसांसाठी.
विद्यापीठातल्या टेबलावर तो उलगडला
तेव्हा खोलीत चुलीचा वास पसरला.
सर म्हणाले, निबंध चांगला आहे,
पाण्याच्या संशोधनाचा कल सध्या उपग्रहाकडे,
तेवढं जोडा. आणि हा संदर्भ काय लिहिणार?
दोर?

रात्री लिहिलं, खोडलं, परत लिहिलं:
यल्लूबाई, किणये. काथ्या, नायलॉन, लुगडं. अप्रकाशित.
लुगडं कुठल्या रंगाचं होतं
ते विचारायचं राहिलं. आता ते फक्त मळकट आहे.

आज सकाळी तिचा फोन.
"मोटार जळलीय रे. दोर घेऊन ये.
आणि येताना खडेबाजारातून
चार हात नवा आण."