सी, लुक, वॉच

अप्पा बळवंत चौकाला पुण्यात सगळे ए.बी.सी. म्हणतात.
त्यासाठी नव्हे, भाडं परवडलं म्हणून
माझा इंग्रजी संभाषणाचा वर्ग तिथं,
गाइडांच्या दुकानावर, दुसरा मजला, जिना अरुंद.
संध्याकाळी सातची बॅच. आज चौघंच.
फळ्यावर तीन शब्द लिहिले. मार्कर संपत आलेला,
तिसरा जेमतेम उमटला.

म्हटलं, पहिला आपोआप होतो.
डोळे उघडे असले की झालं.
दुसऱ्याला मान वळवावी लागते.
तिसरा म्हणजे नजर न काढता,
काहीतरी होईल म्हणून,
आणि काही होत नसलं तरी.

हणमंत नामपल्ले, उदगीरकडचे,
बाणेरला एका सोसायटीत रात्रपाळीला.
त्यांनी वहीत तिन्ही शब्दांपुढं एकच लिहिलं: बघणे.
खाली पट्टीनं रेघ मारली.
"मॅडम, मग मी लुकमन का नाही?"
बाकीचे हसले. ते हसले नाहीत.
"रातभर काहीच होत नाही तिथं. दोन कुत्री,
अन् तीन वाजता एक पोरगं येतं, हेल्मेट घालूनच लिफ्टमधी जातं.
मी गेटकडं बघतो. मनगटावर बी वॉचच.
मी घड्याळाकडं बघतो, घड्याळ कुणाकडं बघतं?"

पुस्तकात उत्तर नव्हतं. मी पान उलटलं.

डॉक्टर पेशंटला सी करतात, म्हणजे तपासतात.
लेट मी सी म्हणजे बघू.
आणि पुण्यात बघू म्हणजे नाही,
हे त्यांना बँकेच्या काउंटरवर कळलेलं होतं,
मला शिकवावं लागलं नाही.
आय सी म्हणजे, अच्छा, समजलं.
"नुसतं दिसलं की समजलं?"
त्यांच्याकडं तसं आहे, मी म्हणाले,
आणि खडू नसताना उगाच हात झटकले.

मागच्या बाकावरून सायमा बागवान, जिला कॉल सेंटर गाठायचंय:
"शी इज सीइंग समवन राहिलं, मॅम."
राहिलं होतं खरं.
म्हणजे तिचं कुणाशी तरी जमलंय, मी सांगितलं.
चालू वर्तमानकाळ.

मला बघून गेले ते सगळे पूर्ण भूतकाळातले.
एकोणऐंशी ते त्र्याऐंशी, अकरा जण.
त्यातला एक, नारायण पेठेतला,
मी चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा चष्मा पुसत होता.
कप ठेवले, साखर विचारली, आत गेले,
तोवर पुसतच होता.
आठवड्यानं कार्ड आलं, योग नाही.
नकार नेमका कोणाला होता,
मला, की माझ्या जागी हललेल्या
कुठल्याशा पिवळसर धुक्याला,
हे मी बरीच वर्षं धरून बसले होते.
साडी पिवळी होती.

साडेआठला ट्यूब बंद केली.
नामपल्ल्यांनी वही पिशवीत डब्याशेजारी घातली,
दारात थांबले, ओठांत जुळवणी केली.
"सी यू, मॅडम."
सी यू, मी म्हटलं.
त्याला अर्थ नसतो, निरोप असतो,
पान अकरा, मीच शिकवलेलं.
पण चाळीस वर्षांची खोड,
कुलूप लावता लावता भाषांतर झालंच:
तुम्ही दिसता मला.
किल्ली एकदा उलटी फिरली.

जिन्यातला दिवा गेलेला. कठडा धरत उतरले
तर ते शेवटच्या पायरीशी उभे,
मोबाइलचा उजेड वर धरून.
"अहो, तुमची ड्यूटी?"
"दहाला हाय. बघत होतो, नीट उतरता का."

तिन्हींतला कुठला, मी विचारलं नाही.
गाइडांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं.
वाकून आत हाक मारली, एक मार्कर द्या,
काळा, जाड टोकाचा.