वरून दुसरं बटण

कॉलेज रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढून गेलं की आमचा जपानीचा क्लास.
सात जण, सहा खुर्च्या;
उशिरा येणाऱ्याला पाण्याचा जार.

शेवटच्या महिन्यात खांबेटे बाईंनी व्याकरण मिटलं
आणि फोन उभा केला पेल्याला टेकवून.
म्हणाल्या, तिकडे मार्चमध्ये शाळा सुटते, कायमची.
मुलं रांगेत उभी राहतात आणि असं काहीतरी गातात.
ऐका. क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखं,
म्हणून रडूही शेवटीच येतं.

गाण्यात पियानो होता, लांबलचक व्हरांडा,
फळ्यावर कुणीच न पुसलेली तारीख.
आमच्याकडे यातलं काही नव्हतं.
माझी शाळा सातपूरची, पत्र्याची;
निरोप समारंभात मिळालेला एक समोसा
आणि हॉल तिकीट न विसरण्याची ताकीद.
तरी घशात अडकलं काहीतरी.
जे कधी हरवलंच नव्हतं त्याची आठवण येत राहिली
पत्ता चुकलेल्या कुरिअरसारखी,
आणि मी सही करून घेत राहिले.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: नात्सुकाशी.
मराठीत काय म्हणायचं, पगारेने विचारलं.
बाई खडू धरून बराच वेळ नुसत्याच.
खाली मशीन कुणाचातरी सातबारा काढत होतं.
"लिहून ठेवा," म्हणाल्या, "अर्थ नंतर सापडेल."

तिकडे साकुरा. इकडे पांडवलेणीच्या उतारावर
गिरिपुष्पाला बहर, पान नाही एक, नुसता फिका गुलाबी.
आम्ही सातही जण गेलो फोटो काढायला.
लांबून सेमच दिसतं, तेजल म्हणाली.
कुंदन अहिरे, दिंडोरीचा, घरची द्राक्षं,
म्हणाला, याला आमच्याकडे उंदीरमारी म्हणतात.
हसण्यात फोटो हलला.
तोच एक फोटो आहे.

त्यानेच सांगितलेलं:
तिकडची मुलं त्या दिवशी युनिफॉर्मचं वरून दुसरं बटण
तोडून देतात, जिला द्यायचं तिला.
काळजाजवळचं म्हणून.
मी तेव्हा क्रियापदांची वही चाळत होते.

मग एकेक.
पगारे हामामात्सुला, गिअरच्या कारखान्यात.
सायमा पिंजारी सेंदाईला, म्हाताऱ्यांना आंघोळ घालते;
लिहिते, एक आजोबा रोज विचारतात, शाळा सुटली का?
कुंदन नागोयाला.
मी तीन मार्कांनी राहिले,
आणि राहिले ती राहिलेच.

मुंबई नाका, रात्री पावणेदोनची बस.
त्याची आई बेदाण्यांचा डबा बॅगेत कोंबत होती.
आपल्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात.
त्यांच्यात दोन्ही म्हणतात, जाऊन येतो: इत्तेकिमास.
तो म्हणाला, उच्चार स्वच्छ.
उत्तर मला पाठ होतं, परीक्षेतही बरोबर आलेलं.
तोंडून निघालं, "पोचल्यावर कळव."
त्याने शर्टाला हात घातला, एक हिसका,
आणि माझ्या तळहातावर
चार भोकांचं बटण, मागे शेपटीएवढा दोरा.
बस हलली. काचेमागे त्याचा शर्ट छातीशी उघडा,
आणि डिसेंबर.

त्यानंतर पाच मार्च गेले.
मी अंबडला मशीनची पुस्तकं मराठीत आणते.
दिवा लाल असताना दार उघडू नये.
हात आत घालू नये.
मार्च एंडला उशीर होतो, तेव्हा येताना ते गाणं लावते.
आता सगळे शब्द कळतात;
कळायला लागल्यापासून रडू येत नाही तेवढं.
फक्त न पुसलेल्या तारखेशी आलं की
खालून झेरॉक्सचा आवाज येतो,
जो गाण्यात नाही.

बटण कंपासपेटीत होतं. आईला सापडलं.
तिने माझ्या कंपनीच्या एप्रनला लावून टाकलं,
काळ्या दोऱ्याने, घट्ट,
वरून चौथं. पोटाशी.
बाकीच्यांपेक्षा जरा मोठं आहे.
काजातून जाताना रोज अडतं.