नाही म्हणायचं नाही

रविवारी, रामबागेतल्या शाळेत
बाकं भिंतीला सारून
आम्ही नऊ जण गोलात.
नियम एकच: नाही म्हणायचं नाही.

हर्षालीने हवेतून कढई उचलली,
भाजल्यासारखं तोंड करत माझ्याकडे दिली.
मी तिचं मांजर केलं.
इदरीसने मांजराची पेटी केली, भाता हलवला,
आणि पेटी आली टोकेकरकाकांकडे.
वीज मंडळातून मार्चमध्ये निवृत्त,
बायकोने फी भरून ठेवली होती
म्हणून आलेले.

काकांनी घेतली. बदलेनात.
नुसते उभे, कोपरं पोटाशी.
मग हळूच म्हणाले,
"भिया, हे सांडतंय."

काय, ते कुणी विचारलं नाही.
आठही जण वाकलो
ओंजळी धरून.

फरशी कोरडीच होती.
तरी निघताना इदरीस
त्या जागेला वळसा घालून गेला.