उसनं टेबल

अख्ख्या मान्यागोला माहीत आहे,
टेबल घेऊ की नको यावर मी नऊ महिने घालवले.
टेबल म्हणजे जेवायचं नव्हे.
मिलिंग मशीनच्या पाठीवर बसतं ते,
बिडाचं, ताटाएवढं, कडेला अंश कोरलेले.
हँडल फिरवलं की कणाकणाने वळतं
आणि त्यावर आवळलेलं पितळ
कटरखालून कमान होऊन बाहेर येतं.
सहाशे चाळीस युरो. पोहोचवणावळ वेगळी.

वर्षाला माझे सत्तर चाकू, घडीचे.
प्रत्येकाला पितळेच्या दोन टोप्या,
टोपीला एक कमान,
कानशीने कमानीला बावीस मिनिटं.
गुणाकार केला तर एक्कावन्न तास.
एक्कावन्न तासांचं मी काय करीन?
प्रश्न किमतीच्या रकान्यात मावेना,
म्हणून समासात लिहिला.
खाली कांद्यांचा भाव.

खालच्या गल्लीतला एर्मेस म्हणाला, विकत कशाला घेतेस निवेस,
माझं पडलंय, आठवडाभर ने.
कात्र्यांचा कारखाना मिटला तेव्हा
थकलेल्या पगाराऐवजी त्याने ते उचललेलं.
हातगाडीवरून आणलं आम्ही,
कोल्वेराच्या कालव्याकडेने,
जिथे पूर्वी पाणी घण उचलायचं
आणि आता फक्त बदकं उचलतं.
चढावर तो थांबला, घाम पुसला,
म्हणाला, सासू माझी याहून हलकी होती.

सोमवार गेला केंद्र शोधण्यात.
हे कोणी सांगत नाही, विकणारा तर नाहीच.
टेबलाचा मध्य कटरच्या बरोबर खाली यायला हवा,
डायलची सुई हलता कामा नये,
आणि सुई तर रस्त्यावरच्या ट्रकनेही हलते.
मंगळवारी पहिली कमान. चार मिनिटं.
इतकी बिनचूक, की मी ती उगाच दोनदा मोजली.
बुधवारी दहा झाल्या.
गुरुवारी वेगळ्या मापाचा चाकू:
सगळं उकला, पुन्हा केंद्र, पुन्हा सुई, दीड तास.
सत्तर सारखे चाकू करणाऱ्याला हे टेबल सोन्याचं.
माझ्याकडे ज्याला त्याला निराळा हवा.
अळंब्या खुडणाऱ्याला वाकडा,
डावखुऱ्या मास्तरणीला उलटा,
फिलाखच्या त्या दंतवैद्याला बोटाएवढा,
सफरचंदासाठी, फक्त सफरचंदासाठी.

तेव्हा नको. शुक्रवारी ठरवलं, वहीत रेघ मारली.

शनिवारी कानस उचलली
आणि अंगठ्याच्या मुळाशी ती जुनी कळ
आलीच नाही.
चार दिवस तिला काम नव्हतं, विसरली असावी.
तिसऱ्या कमानीला आठवलं तिला.

पोर्देनोनेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं,
हात दिवसातून किती वेळा पुढे-मागे होतो?
मी हसले होते.
आता मोजलं. एका कमानीला नऊशे.
मनगटाला माझ्या वहीत रकानाच नव्हता.

रविवारी एर्मेसकडे गेले,
टेबल न्यायला कधी येतोस विचारायला.
तो अंगणात भाजी निवडत होता
माझ्याच एका चाकूने, फार जुन्या.
कमान डावीकडे किंचित कललेली,
मला फाटकातूनच दिसली.
त्याला इतक्या वर्षांत नाही.
म्हणाला, उतारावर ते मलाच ओढत नेईल.
राहू दे तिथे.
आणि भाडं?
बायकोच्या कात्रीला धार. वर्षातून एकदा, जिवंत आहे तोवर.
कोण जिवंत आहे तोवर, ते त्याने सांगितलं नाही.

तर अजून मी टेबल घेतलेलं नाही.
आहे, पण माझं नाही.
एका मापाचे चाकू साठवून ठेवते,
सहा झाले की केंद्र शोधायला बसते,
दंतवैद्याचा मात्र कानशीनेच.
शेवटचं केसभर सगळ्यांचंच कानशीने,
का, ते विचारू नका,
हिशेबात ते बसत नाही.

समासातल्या प्रश्नाखाली जागा तशीच आहे.
कांदे महागलेत.