नाक

आंजर्ल्याच्या दातारांची ओम्नी, दोन हजार सातची.
अकरा वर्षं शाळेची पोरं नेली,
म्हणे एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही.
यासीन वस्तांनी आधी बॉनेटवर पालथा हात ठेवला,
ताप बघतात तसा.
"गरम आहे. आम्ही यायच्या आधी फिरवून आणलीत?"
दातार खाडीकडे बघत राहिले.
"उद्या पहाटे येतो. चावी आजच द्या."

पहाटे गाडी बर्फातल्या सुरमईसारखी गार.
"तू मागे जा," वस्ता म्हणाले, "सायलेन्सरपाशी बस.
रंग तर सांगच, पण वास नीट घे."
मला वाटलं, शिकवतायत.
मग खालच्या आवाजात म्हणाले,
दोन वर्षांमागे तापात नाक गेलं.
टॅपेटचा आवाज गल्लीच्या टोकावरून कळतो,
पण पेट्रोल नि पाणी मला सारखंच.
गिऱ्हाइकाला सांगत नाहीत हे.
मीही गिऱ्हाईकच होते.

चावी फिरली.
"पांढरा!" मी ओरडले. पंचाहत्तर हजार
आईच्या पाटल्या मोडून आणलेले.
"ओरडू नको. पांढऱ्यात दोन जाती.
एक नुसती वाफ, बघता बघता विरते.
दुसरा लोंबकळतो. वास?"
"ओल्या पत्र्याचा."
"गोडसर? गुळाची ढेप तापवल्यासारखा?"
"नाही."
"पुन्हा घे."
पुन्हा घेतला. डोळ्यांत पाणी आलं. गोड नव्हता.
"मग गॅस्केट शाबूत."

इंजिन तापू दिलं. मग ॲक्सिलेटर दाबला,
सोडला, थांबला, दाबला.
आणि आला: निळसर राखाडी भपका,
कावळ्याच्या मानेवर असतो तो रंग.
मग साफ.
"वास?"
शब्द सापडेना. मग सापडला.
"बोंबील तळून झाल्यावर
तव्यात उरलेलं तेल,
ते विसरून गॅस चालूच राहिला, तसा."
वस्ता आतल्या आत हसले. "तेल खातेय.
सारखा येतो की भपक्यानं?"
"भपक्यानं."
"मग रिंगा नाहीत. व्हॉल्व्हची सीलं, रबर म्हातारं झालंय.
वरचं उघडून भागेल, पोटात हात घालायला नको."

डिपस्टिकवर ऑइल काकवीसारखं.
जाड घातलेलं, धूर दबावा म्हणून.
दातार बनियनवरच बाहेर आले,
काठी बघितली आणि म्हणाले,
"मुलगा म्हणाला घाला. मी घातलं."
एवढंच. मग स्वतःच चौदा हजार उतरवले.
खालच्या पत्र्याला समुद्र लागलाय
तो हिशेबात धरला नाही कुणी.
मीही नाही. आठवड्याला चार फेऱ्या, हर्णै ते दापोली,
मागे बर्फाच्या पेट्या. पत्र्यानं तेवढं करावं.

इंजिन बंद केल्यावर फार शांत झालं.
वस्ता पायरीवर बसले, चिंध्यानं बोटं पुसत.
"आता वारा कुठला?"
"पाजपंढरीकडचा."
"काय येतंय त्यात?"
मी मान वर केली. "सुकट."
"ओली की वाळलेली?"
नीट घेतला वास, सायलेन्सरपाशी घेतला होता तसा.
"अर्धी."
"मग अजून दोन दिवस ऊन लागेल," वस्ता म्हणाले,
आणि डोळे मिटूनच
पान्याच्या पेटीचं झाकण चाचपलं.