घुमटाची चाकं

कुडचड्याच्या कॉलेजची गच्ची.
पाण्याच्या टाक्यांमागे आमचा पत्र्याचा घुमट.
जवळ गेलं की कळतं, निम्मा पत्रा बार्जचा आहे:
आतल्या बाजूनं भाराची रेघ
आणि एक आकडा, अर्धवट खरवडलेला.
मिंगेल कार्दोजनं तो वाकवला नदीकाठच्या शेडमध्ये,
काम सुटण्याच्या शेवटच्या आठवड्यात.
मजुरी घेतली नाही,
वेल्डिंगच्या कांड्या मात्र मोजून मागितल्या.

आरसा आम्हीच घासला.
सोळा महिने, रविवारी, रसायनच्या प्रयोगशाळेत,
ड्रमभोवती फिरत, काचेवर काच.
पुढे, मागे, एक पाऊल बाजूला.
प्रभुगावकर बाई दारातून म्हणायच्या,
"झालं का पुरण वाटून?"

तेव्हा ट्रक चालू होते,
खाणीपासून धक्क्यापर्यंत, एकाच्या धुळीत दुसरा.
सकाळी आरशावर लाल पूड.
ती पुसायची नाही, फुंकायची,
आणि फुंकता फुंकता आपल्यालाच खोकला.
आकाश होतं, पण
कोऱ्या चहातून पाहिल्यासारखं.
आम्ही चंद्र दाखवायचो. चंद्र काय, कुणालाही दिसतो.

मग खाणी बंद झाल्या.
एका पावसाळ्यानं रस्ते धुतले, झाडं धुतली,
आणि डिसेंबरात, दुर्बिणीवरचं फडकं काढायच्या आधीच,
मृगातला तेजोमेघ. नुसत्या डोळ्यांनी.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
खरं सांगतो, वाजवल्या.

खाली मैदानाच्या कडेला
हप्ते राहिलेले ट्रक
टायर काढून चिऱ्यांवर उभे होते.
टाळ्यांचा आवाज तिथवर पोचतो का,
हे मी नंतर एकदा, कुणाला न सांगता,
खाली उभं राहून तपासलं.
पोचतो.

घुमट फिरायला चाकं हवी होती.
कुष्टा वेळीपचा ट्रक भंगारात निघाला,
तेव्हा बेअरिंगं घेतली. आठ. किलोच्या भावानं.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं. निदान मी तरी नाही.

एप्रिलच्या एका शुक्रवारी तो आला,
भाचीला घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून.
शुक्रवारी आमचं सगळ्यांसाठी उघडं असतं.
आम्ही चौघांनी खांदा लावून घुमट फिरवला,
झडप पूर्वेकडे आणली.
भाची शिडीवर चढली, "कडी!" म्हणाली,
दोनदा पाहून घेतलं.
हा खालीच उभा, पत्र्याकडे बघत.

मग चढला. एक डोळा मिटायला जमेना,
तळहातानं झाकला.
बराच वेळ काही बोलला नाही. मग:
"अरे, हो वता खंय?"

शनी सरकत होता. आमच्या दुर्बिणीला मोटर नाही,
अर्ध्या मिनिटात ग्रह काठाला लागतो.
मी नेहमीचं सांगितलं,
तो नाही जात, आपण जातोय,
पृथ्वी फिरते, गच्ची फिरते,
तुम्ही, मी, ही शिडी.
"मागीर हातब्रेक ओड मरे," तो म्हणाला.
सगळे हसले. तो हसला नाही,
पुढच्या माणसाला जागा करून दिली.

उतरताना एवढंच विचारलं,
घुमट ढकलताना हा आवाज रोज येतो का.
मी म्हटलं, येतो.
"ग्रीस ना," म्हणाला. "सुकलां."

पुढच्या शुक्रवारी डबा घेऊन आला.
त्या दिवशी ढग होते, माणसं नव्हती.
आमचा लाल कागद लावलेला टॉर्च दातांत धरून
घुमटाच्या कड्याखाली उताणा झोपला, सरकत सरकत,
एकेका चाकापाशी थांबत.
कुठल्या चाकाला काय दुखतं, विचारावं लागलं नाही.
आम्ही ढकलायचो, तो कान लावायचा.
दुर्बिणीवरचं फडकं त्या रात्री निघालंच नाही.

सात चाकं गप्प झाली.
आठवं, टाकीच्या बाजूचं, अजून कुरकुरतं.
दोनदा हात फिरवला त्यानं त्याच्यावर,
मग डबा बंद केला, बोटं पायजम्याला पुसली.
"हें चडणीचें," म्हणाला.
"रावूं दी."